टाच बघा, नखं बघा, तांब्या बघा

परभणीत 'नर्सिंग होम' अशी पाटी दिसली की ती डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्याची असते. दहा-वीस खाटा, खाली मेडिकल, वर डॉक्टरांचं घर. तिथे बाळंतपणं होतात, अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं, डेंग्यूचा पेशंट चार दिवस राहून घरी जातो. पुण्यातला मुलगा फोनवर सांगतो, "आईसाठी एखादं नर्सिंग होम बघा," तेव्हा त्याच्या मनात वेगळीच जागा असते. लकवा झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला महिनोन्‌महिने सांभाळणारी. एका शब्दाच्या या दोन अर्थांत कुटुंबं गोंधळतात आणि गोंधळाची किंमत खाटेवरचं माणूस मोजतं. जिंतूर, सेलू, पालम, गंगाखेडच्या घरांतून येणारे प्रश्न ऐकले तर काही समजुती पुन्हा पुन्हा भेटतात. त्या एकेक करून तपासू.

"वृद्धाश्रमात ठेवलं की शुश्रूषा होतेच"

होतेच असं नाही. राज्य सरकारने १९९५ मध्ये 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आणली, त्याशिवाय अनेक सेवाभावी संस्था आश्रम चालवतात. पण बहुतेक वृद्धाश्रम चालत्या-फिरत्या माणसांसाठी असतात. स्वतःचं स्वतः उरकणाऱ्यालाच प्रवेश, असा अनेकांचा नियम असतो. म्हणून प्रवेश घेतानाच विचारायचं: उद्या हे पडले, उठेनासे झाले, तर तुम्ही ठेवाल की आम्हाला न्यायला सांगाल? उत्तर लेखी मागा.

दुसरी गफलत 'रजिस्टर्ड' या शब्दाची. पाटीवर नोंदणी क्रमांक दिसला की लोक निर्धास्त होतात. पण तो क्रमांक बहुतेक वेळा धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा असतो. संस्था कायदेशीर आहे एवढंच त्यातून कळतं. आत नर्स आहे की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. शुश्रूषेसाठीची नोंदणी वेगळी असते. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ सालचा, आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या व्याख्येत आजार आणि दुखापतीबरोबर दुर्बलतेचाही उल्लेख आहे. दुर्बल माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा केली जात असेल, तर ती जागा या कायद्याच्या कक्षेत येते. तिथे पात्र डॉक्टर आणि पुरेशा प्रमाणात पात्र नर्स असाव्यात, असं कायदा सांगतो. ही नोंदणी परभणी शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे. तिची मुदतही संपते, म्हणून भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरची तारीख वाचा.

"स्वच्छ आहे, वास येत नाही, म्हणजे काळजी चांगली आहे"

माझ्या आत्याला आम्ही एका जागी ठेवलं होतं. फरशी आरशासारखी, चादरी पांढऱ्याशुभ्र, दारात तुळस. थंडीचे दिवस होते, म्हणून आत्याच्या पायात लोकरी मोजे होते, आणि आम्हाला त्याचंही कौतुक वाटलं. अकराव्या दिवशी माझ्या बहिणीने तेल लावायला मोजे काढले. उजव्या टाचेवर रुपयाएवढी काळी जखम होती. मोजे रोज काढले जात नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. फरशी मात्र रोज पुसली जात होती.

त्या दिवसापासून मला पटलं की जागा बघून काळजी कळत नाही, ती माणसाच्या अंगावर वाचावी लागते. बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, हा त्यातला सर्वांत मोठा मजकूर. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि मांस आतून मरायला लागतं. माकडहाड, टाचा, खुबा, डोक्याची मागची बाजू या तिच्या ठरलेल्या जागा. सुरुवातीला फक्त लाली असते. बोटाने दाबून सोडलं तरी ती लाली जात नसेल, तर जखम सुरू झाली असं समजायचं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. म्हणून हाताने बघा: ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा जास्त काळवंडलेली लागते का?

यावर उपाय कूस बदलण्याचा, साधारण दर दोन तासांनी. "एअर बेड लावलाय, आता वळवायची गरज नाही," असं कोणी सांगितलं तर मानू नका. हवेच्या गादीने दाब कमी होतो, पण कूस बदलावीच लागते.

इथे उलटा गैरसमजही आहे, आणि तो संस्थेवर अन्याय करतो. प्रत्येक जखम हलगर्जीपणाने होत नाही. शेवटच्या दिवसांत रक्ताभिसरणच मंदावतं, तेव्हा सगळं नीट करूनही कातडी तग धरत नाही. शिवाय अनेक जखमा आधीच्या हॉस्पिटलमधून किंवा घरूनच आलेल्या असतात. म्हणून दाखल करताना, संस्थेच्या सिस्टरसमोर, माणूस पाठीपासून टाचेपर्यंत बघून घ्या. जे असेल ते तारखेसह लिहा, फोटो काढा. त्याने दोन्ही बाजूंचं भलं होतं.

"सलाईन लावलं नाही, म्हणजे बघतच नाहीत"

मराठवाड्यात ही समजूत फार खोल आहे. बाटली लटकलेली दिसली की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. काही डॉक्टर तेवढ्यासाठी लावूनही देतात. त्या बाटलीत असतं काय? नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. उष्मांक शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोज असेल तर अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आतच उष्मांक. ज्वारीची एक मध्यम भाकरी त्यापेक्षा जास्त देते. शरीरातलं पाणी कमी झालं असेल, गिळताच येत नसेल, तेव्हा सलाईन जीव वाचवतं, यात शंका नाही. पण 'ताकद यावी' म्हणून लावलेलं सलाईन ताकद देत नाही, आणि हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या फुप्फुसात पाणी साठवू शकतं.

खरी काळजी बाटलीत दिसत नाही, ती जेवणाच्या वेळी दिसते. लकवा झालेल्या माणसाला भरवायला अर्धा तास लागतो. त्याला उठतं बसवावं लागतं, कारण आडवं ठेवून पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. एक घास गिळल्याची खात्री करून मगच दुसरा द्यावा लागतो. मऊ खिचडीचं ताट दहा मिनिटांत परत गेलं, तर ती खिचडी पोटात गेलेली नाही. हे मोजायची सोपी युक्ती म्हणजे वजन. दर महिन्याला वजन करायला सांगा आणि वहीत लिहा. आपोआप एका महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पन्नास किलोच्या आजीचं महिन्यात अडीच किलो घटलं, तर "वयच झालंय" हे उत्तर चालणार नाही.

आणि पाणी. म्हातारपणी तहानेची जाणीव बोथट होते, घसा कोरडा पडला तरी माणूस मागत नाही. परभणीचा मे महिना कसा असतो हे इथल्यांना सांगायला नको. त्या दिवसांत तांब्या हाताच्या अंतरावर आहे का आणि तो उचलायची ताकद हातात आहे का, हे दोन्ही बघा. पत्र्याच्या खोलीत दुपारी तीन वाजता स्वतः अर्धा तास बसा. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, टाकी केवढी आहे, लाईट गेली तर पंखा कशावर चालतो, हे विचारताना संकोच करू नका. इथली थंडीही तितकीच बोचरी, तेव्हा डिसेंबरात पांघरुणं मोजा.

"आई म्हणते सगळं बरं आहे"

आई हेच म्हणणार. लेकराला ताप नको म्हणून जन्मभर तिने हेच म्हटलं आहे. त्यात आता ज्यांच्या हातून पाणी प्यायचं, त्यांचं गाऱ्हाणं करायची भीतीही मिसळते. सोबत तिथल्या मावशी किंवा मामा, म्हणजे सांभाळणारे कर्मचारी, उभे असतील तर विचारूच नका. एकटं बसा आणि बारीक प्रश्न विचारा. काल रात्री लघवीला कोणी नेलं? हाक मारली की कोण येतं, किती वेळाने? सकाळी काय खाल्लं? उत्तरात माणसांची नावं आली, तर नातं जुळलं आहे. नुसतं "येतात कोणीतरी" असेल, तर पुढे विचारा.

याच्या उलट, विस्मरणाचा आजार असलेले आजोबा जेवण होऊन तासाभरात "सकाळपासून उपाशी ठेवलं" म्हणतात, आणि मुलगा मॅनेजरवर धावून जातो. असं बोलणं आजाराचं असू शकतं, खरंही असू शकतं. वजन, ओठ, जीभ, नखं यांना विस्मरण होत नाही. वाढलेली मळकट नखं सांगतात की गेल्या आठवड्यात हा हात कोणी हातात घेतलेला नाही.

नळी, दोरी आणि गोळी यांच्याबद्दल थोडक्यात. लघवीची नळी सोय म्हणून कायम ठेवण्यात धोका आहे, ती असेपर्यंत दर दिवशी जंतुसंसर्गाची शक्यता साधारण तीन ते सात टक्के असते. "नळी का आहे आणि कधी काढणार?" हा प्रश्न कोणत्याही घरच्या माणसाने विचारावा. पडू नये म्हणून हात खाटेला बांधण्यानेही माणूस सुरक्षित होत नाही. बांधलेला माणूस सुटायच्या धडपडीत जास्त लागवून घेतो आणि पायांतली ताकद कायमची गमावतो. दिवसभर झोपलेले आजोबा 'शांत' झालेत की गोळीने झोपवलेत, तेही विचारा. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना मनोविकारावरची काही औषधं दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा त्या औषधांवर छापायला अमेरिकेने २००५ मध्येच लावलं होतं.

"जास्त पैसे, जास्त चांगली सेवा"

पैसे एसीला जातात की माणसांना, हे बघावं लागतं. अमेरिकेत २००८ पासून प्रत्येक नर्सिंग होमला सरकार एक ते पाच तारे देतं. तिथल्या वर्तमानपत्रांनी खणून काढलं की बरीचशी माहिती संस्थांनी स्वतःच भरलेली होती, आणि कागदावर असलेली माणसं प्रत्यक्षात नव्हती. पुढे सरकारला पगारपत्रकांवरून कर्मचारी मोजावे लागले. आपल्याकडे तारे नाहीत. गूगलवरचे तारे आहेत, पण ते चहा चांगला मिळाला म्हणूनही दिले जातात. तेव्हा हिशेब आपणच करायचा. समजा वीस वृद्ध आहेत. दिवसा तीन जण, रात्री एक, प्रत्येकी बारा तासांची पाळी. एकूण ४८ तास, म्हणजे एका माणसाच्या वाट्याला दिवसाला दोन तास चोवीस मिनिटं. अमेरिकेने २०२४ मध्ये किमान ३.४८ तास ठरवले होते. तो नियम पुढच्याच वर्षी न्यायालयाने रद्द केला, पण तुलनेला आकडा उपयोगी आहे. आणि त्या तिघांपैकी एक जण स्वयंपाकही करत असेल, तर त्याला हिशेबातून वजा करा. रात्रीचा आकडा तर आवर्जून विचारा. एकट्या माणसाला वीस जणांची कूस दर दोन तासांनी बदलता येणं शक्य नाही.

"चांगल्या घरचे लोक ठेवत नाहीत"

ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. असहाय वृद्धांसाठी जागा असणं ही कालपरवाची गोष्ट नाही. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या नावाने सुरू झालेलं अनाथ पंगू गृह, आजचं 'निवारा', एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. आपल्या जिल्ह्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं जातात आणि मागे म्हातारी माणसं उरतात. तरणी पोरं पुण्याला कंपनीत आहेत. घरी सांभाळायला माणूस नसणं हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो टाकून देणं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २४ व्या कलमात त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. लाज वाटली की लोक गुपचूप ठेवतात, भावकीला सांगत नाहीत आणि भेटायला जाणं टाळतात. ज्याच्याकडे कोणी येत नाही, त्याच्या हाकेला उशिरा ओ मिळते, हे कुठल्याही वॉर्डात काम केलेला माणूस कबूल करेल.

"सारखं गेलं तर स्टाफ चिडतो" हेही खरं नाही. चांगल्या जागेला येणारे लोक आवडतात. फक्त रविवारी दुपारी जाऊ नका, तेव्हा सगळीकडेच सगळं छान असतं. संध्याकाळी सातला जा, सकाळी सहाला जा. परभणीत राहणारी पुतणी आठवड्याला पंधरा मिनिटं जाऊन आली, तरी पुण्याच्या मुलाच्या रोजच्या व्हिडिओ कॉलपेक्षा तिला जास्त कळेल. जाताना मावशीचं नाव विचारा, तिच्या घरचं विचारा. बारा तास दुसऱ्याचं मलमूत्र काढणाऱ्या बाईशी नावाने बोलणारे नातेवाईक फार कमी असतात.

काही खटकलं तर आधी प्रमुखाला तारखेसह लिहून द्या आणि प्रतीवर सही घ्या. डॉक्टरांकडे उपचारांचे कागद मागितले तर ते बहात्तर तासांत द्यावेत, असं वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. नोंदणीकृत शुश्रूषागृहाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे, हे राज्याच्या २०२१ च्या नियमांत आहे. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. सल्ला हवा असेल किंवा छळाचा संशय असेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाईनला फोन करा, तो मोफत आहे.

आत्याची टाच बरी व्हायला चार महिने लागले. मोज्यांबद्दल आम्ही बोललो तेव्हा तिथल्या सिस्टरने वाद घातला नाही. तिने खाटेला एक वही बांधली: कूस कधी बदलली, पाणी किती प्यायली, टाच कशी आहे. पहिल्या पानावर तिची सही होती, तिच्याखाली माझ्या बहिणीची.