मोटारीच्या टपावरील सूर्यशक्ति

सूर्याच्या रथास सात घोडे असल्याचें आपण बाळपणापासून ऐकत आलों. आतां सूर्यालाच आपल्या रथास जुंपण्याचे दिवस आले आहेत! सारें कुटुंब घेऊन यात्रेस निघणाऱ्या मोठ्या मोटारीच्या टपावर सोलर पॅनेलें बसवावीं, असें कोणा हौशी गृहस्थास वाटलें तर त्यांत नवल नाहीं. आमचें सांगणें इतकेंच कीं, आधीं हिशेब आणि मग हौस.

टपावर २०० वॅटचीं दोन पॅनेलें मावलीं असें धरूं. धूळ, उष्णता इत्यादिकांची तूट वजा जातां स्वच्छ उन्हाच्या दिवशीं तीं सुमारें दीड युनिट वीज देतील. विजेवर चालणारी लहान मोटार एका युनिटांत सात-आठ किलोमीटर जाते. म्हणजे दिवसभराच्या या कमाईवर पुण्याहून सिंहगडाचा पायथाहि गांठतां यावयाचा नाहीं. परंतु तेवढ्याच विजेंत चार दिवे, एक पंखा, मंडळींचे मोबाइल आणि बॅटरीवर चालणारा लहानसा फ्रीज यांचा दिवसाचा खर्च सहज भागतो. गाडी ओढण्याचें नव्हे, तर गाडींतला संसार चालविण्याचें काम सूर्याकडे सोंपवावें.

आपल्या रेल्वेनेंहि हाच विवेक केला. १४ जुलै २०१७ रोजीं दिल्लीच्या सफदरजंग स्थानकावर श्री. सुरेश प्रभु यांनीं जी गाडी सुरू केली, तिच्या सहा डब्यांवर प्रत्येकीं ३०० वॅटचीं सोळा पॅनेलें होतीं. गाडी ओढण्याचें काम डीझेलकडेच राहिलें. डब्यांतील दिवे व पंखे मात्र सूर्याच्या स्वाधीन झाले.

आतां बसविण्याविषयीं. टपाच्या मजबूत पट्ट्यांस धातूची चौकट बोल्टांनीं आवळून तिच्यावर पॅनेल बसवावें. दोरी किंवा चिकटपट्टी यांवर विसंबूं नये. गाडीचा वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा जोर चौपट होतो, आणि उडालेलें पॅनेल मागून येणाऱ्याच्या जिवावर बेततें. खालीं दोन-तीन इंच मोकळी जागा ठेवावी. पॅनेल २५ अंशांहून जसजसें तापतें, तसतशी दर अंशास सुमारें एक-तृतीयांश टक्का वीज घटते. सामानाची सावलीहि पॅनेलावर पडूं देऊं नये. टपांत असा फेरफार करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करणें शहाणपणाचें.

खरी जोखीम वायरींत आहे. ४०० वॅट शक्ति १२ व्होल्टांनीं वाहूं लागली कीं प्रवाह तेहतीस अँपिअरांवर जातो. घरांतील दिव्याची बारीक वायर येथें लाविली तर ती तापून पेट घेईल. म्हणून वायर जाड व शक्य तितकी आंखूड असावी. ती पत्र्यांतून जेथें आंत येते, तेथें धक्क्यांनीं घासूं नये म्हणून रबरी कडें बसवावें. बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज हवाच. पॅनेल व बॅटरी यांच्यामध्यें चार्ज कंट्रोलर ठेवावा. जोडतांना त्यास आधीं बॅटरी, मग पॅनेल. सोडवितांना आधीं पॅनेल, मग बॅटरी. ऊन असेतों पॅनेलांत वीज असतेच, म्हणून काम चाललें असतां त्यावर जाड कापड झांकावें.

ज्या गाडींत आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सारें घर निजावयाचें, तिच्या वायरिंगमध्यें चार पैसे वांचवूं नयेत. काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावें, आणि प्रत्येक प्रवासापूर्वीं बोल्ट व जोड स्वतः पाहावे. मग रानांत मुक्काम पडला तरी मंडळींची रात्र उजेडांत व निर्धास्त जाईल.