गिधाडं गेली, माणसंही गेली

‘गिधाडासारखा टपून बसलाय’ असं आपण हिणवून म्हणतो. पण इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा अलीकडचा अभ्यास वाचून मला त्या वाक्प्रचाराचीच लाज वाटली.

१९९०च्या दशकात भारतात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध स्वस्त झालं आणि दुखण्यावर गुरांना सर्रास दिलं जाऊ लागलं. असं ढोर मेलं की ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं काही दिवसांत निकामी व्हायची. हे कारण २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून कळलं, तोवर कोट्यवधी गिधाडं संपली होती.

मग ढोरं कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, पाणी नासलं. फ्रँक आणि सुदर्शन यांनी पूर्वी गिधाडांचा वावर असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतल्या माणसांच्या मृत्यूंची तुलना केली. पहिल्या जिल्ह्यांत मृत्युदर ४ टक्क्यांहून जास्त वाढलेला! २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज. अंदाजच, पण झोप उडवणारा.

गुरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झालं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलीची करावी लागली.