ऑपरेशननंतरचे दिवस – भाग ९ : जाळी सुटेल का?

या आठवड्यात जिन्यावर लिहायचं ठरलं होतं, ते पुढे ढकलतो. भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीहून एक पत्र आलं आहे आणि भातकापणी तोंडावर आली असताना त्याला उत्तर द्यायला उशीर करून चालणार नाही.

पत्र लिहिणारे शेतकरी आहेत. अडीच महिन्यांपूर्वी त्यांचं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, जाळी बसवली. घरी सोडताना ‘जड उचलायचं नाही’ एवढं सांगितलं गेलं. कधीपर्यंत, ते ना यांनी विचारलं, ना कुणी सांगितलं. महिन्यापूर्वी त्यांची आई अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि अर्धा सांधा बदलावा लागला. दिवसा घरात हे दोघंच. ते विचारतात, आईला खाटेवरून उचलून उठवलं तर माझी जाळी सुटेल का? आणि यंदा भाताचे भारे, पोती यांचं काय करू?

हर्निया आणि खुबा पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. मी ज्या घरांत व्यायाम शिकवायला जातो, तिथे ते पुष्कळदा असे एकाच खाटेपाशी भेटतात. म्हणून आजचा भाग या एका घरासाठी.

आधी जाळी. जांघेत बसवतात ती जाळी साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद असते, पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांची. सुरुवातीला तिला टाके धरून ठेवतात. पुढे तिच्या भोकाभोकांतून शरीराचे स्वतःचे तंतू वाढतात आणि जाळी त्या भिंतीचाच भाग होऊन जाते. बांधकामावर पाहिलं असेल, वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे गवंडी गिलाव्याआधी कोंबडीजाळी ठोकतो. गिलावा ओला असेतो ती खिळ्यांवर असते. सुकला की खिळे काढून घेतले तरी ती हलत नाही. अडीच महिन्यांनंतर तुमच्या जांघेतला गिलावा सुकलेला आहे. तिथे हाताला लागणारा कडक पट्टा हा त्याच भरून येण्याचा भाग, आणि आसपासचा बधिरपणाही नेहमीचा. हर्निया पुन्हा होऊ शकतो, नाही असं नाही. पण त्यामागे बहुतेक वेळा जाळी लहान पडणं, कडेला जागा राहून जाणं किंवा जंतुसंसर्ग अशी कारणं असतात. एका पोत्यानं जाळी उपटून येत नाही.

मग ओझं उचलायचं नाही, ही तीन-तीन, सहा-सहा महिन्यांची भीती आली कुठून? ती जुन्या शस्त्रक्रियेची आहे. इटलीत पादुआचा एदोआर्दो बास्सिनी हा आधुनिक हर्निया-शस्त्रक्रियेचा जनक. इटलीच्या एकीकरणाच्या लढ्यात १८६७ साली रोमजवळ त्याच्या स्वतःच्या जांघेत संगीन घुसली होती आणि आतड्याला जखम होऊन तो बराच काळ अंथरुणाला खिळला होता. पुढे १८८४पासून त्यानं जांघेचे स्नायू खाली ओढून कडेच्या कठीण पट्ट्याला शिवायची पद्धत बसवली. शिवण उत्तम, पण ताणाची. प्रत्येक खोकल्याला टाके मांसातून ओढले जायचे. अशा शिवणीला विश्रांती हवीच होती. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या आयर्विंग लिख्टेनस्टाइननं ओढाताण टाळून जाळीचं ठिगळ लावायला सुरुवात केली आणि त्याचे पेशंट त्याच दिवशी चालत घरी जाऊ लागले. शस्त्रक्रिया बदलली, पथ्य मात्र जुनंच राहिलं.

जाळीचा विषय निघालाच आहे तर दोंडाईच्याला जाऊन आल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा मिरचीच्या बाजारासाठी सगळ्यांना ठाऊक आहे. तिथले ग्रामीण शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यासमोर रोजचा पेच होता : जाळी चांगली हे कळतंय, पण कंपनीची जाळी शेतमजुराच्या आवाक्याबाहेरची. त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाकडे पाहिलं. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या मिश्रणाचं ते कापड, म्हणजे जाळीच्याच कुळातलं. औषध न मारलेलं कापड घ्यायचं, मापात कापायचं, धुऊन नीट निर्जंतुक करायचं आणि वापरायचं. इतर ग्रामीण सर्जनांना बरोबर घेऊन त्यांनी ते अनेक ठिकाणी करून पाहिलं आणि २००३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त त्याचे निष्कर्ष छापले. कंपनीच्या जाळीपुढे या तुकड्याची किंमत जवळजवळ शून्य.

ही कल्पना आफ्रिकेत पोहोचली. २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवरची चाचणी प्रसिद्ध झाली : निम्म्यांना कंपनीची जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीच्या जातीची स्वस्त जाळी. वर्षभरानं पाहिलं तर स्वस्त जाळीच्या गटात एकाला हर्निया परत झाला होता, दुसऱ्या गटात कुणालाच नाही. बाकी त्रास दोन्हीकडे जवळपास सारखाच. एवढ्याशा फरकाला डॉक्टरी हिशोबात अर्थ नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकात ज्या वाटेचा गौरव झाला, ती दोंडाईच्याच्या ऑपरेशन थिएटरातून निघालेली आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो आणि आपल्याकडे हे फार कमी जणांना माहीत आहे याची खंतही.

आणि याच प्रश्नाला भिडलेले आपल्याकडचे दुसरे सर्जन, पुण्याचे डॉ. मोहन देसरडा. यांनी जाळीच नको म्हटलं. पोटाच्या बाहेरच्या तिरक्या स्नायूच्या चिवट पापुद्र्याची एक पट्टी, मुळापासून न तोडता, कमजोर जागेवर आणून शिवायची. पट्टी जिवंत राहते आणि भिंत पेशंटच्या स्वतःच्याच मांसाची होते. २००१ साली त्यांनी ही पद्धत छापली. पुढे पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर जाळीशी तिची तुलना झाली. तीन वर्षांनी दोन्ही गटांत हर्निया परतण्याचं प्रमाण सारखंच निघालं. एकाच राज्यातली ही दोन माणसं, एकच प्रश्न आणि दोन उलट दिशांची उत्तरं.

आता पोत्याकडे येतो. २००५ साली अमेरिकेत २० निरोगी माणसांच्या पोटातला दाब वेगवेगळी कामं करताना मोजला गेला. उभं असताना तो पाऱ्याचे सुमारे २० मिलिमीटर भरला. साडेचार किलोचं वजन उचलताना २५च्या आसपास. आणि नुसतं खोकताना सरासरी १०७! उडी मारताना १७१. हे आकडे मी प्रत्येक हर्नियाच्या पेशंटला सांगतो, कारण कळशी उचलायला घाबरणारा माणूस त्याच ओसरीवर बसून विडी ओढत खोकत असतो. जांघेवरचा खरा भार तिथे आहे. खोकला बरा करा, विडी सोडा, शौचाला कुंथावं लागू नये म्हणून पाणी आणि भाजी पोटात जाऊ द्या. सुरुवातीचे आठवडे खोकला आला की टाक्यांवर तळहात घट्ट दाबून धरायचा.

अर्थात त्या मोजणीत चाळीस किलोचं पोतं नव्हतं. म्हणून पोत्याला घाई नको, पण बंदीही नको. जगभरातल्या हर्निया-तज्ज्ञांनी मिळून २०१८ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचं म्हणणं सरळ आहे : दुखणं झेपेल तसं माणसानं लवकरात लवकर आपल्या नेहमीच्या कामाला लागावं. ओझ्याच्या कामासाठी आपल्याकडचे सर्जन साधारण चार ते सहा आठवडे थांबवतात आणि ते मला पटतं. मानकोली-राहनाळच्या गोदामांतले हमाल मी पाहतो. रोज बुडतो म्हणून आठवड्यातच गोणीखाली खांदा देणारेही त्यांत असतात आणि वर्षभर घाबरून हलकी कामं शोधणारेही. दोघांनाही घरी जाताना हातात तारीख मिळालेली नसते. तारीख मिळाली असती तर पहिल्याला थांबवता आलं असतं आणि दुसऱ्याला सोडवता आलं असतं. ‘जड उचलू नका’ हे वाक्य ‘अमुक तारखेपर्यंत, अमुक किलोच्या वर’ या शब्दांशिवाय पेशंटला सांगूच नये, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरांनी सांगितलं नाही तर दारातून परत फिरून विचारा.

तुमच्यासाठी : सर्जनला एकदा जागा दाखवून घ्या. फुगवटा नसेल, कळ नसेल तर कापणीला विळा धरायला हरकत नाही. भारे आधी लहान बांधा. पोतं पहिले काही दिवस पाव भरा, मग अर्धं. उचलताना ते अंगाशी घ्या, गुडघ्यातून वाका आणि उठताना श्वास कोंडू नका, तोंडानं सोडा. झोडणीला हात वर नेऊन आपटायचं असतं, ते सगळ्यात शेवटी. जांघेत कडक, दुखरी, आत न जाणारी गाठ आली आणि उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट न पाहता रात्रीच हॉस्पिटल गाठा.

आता आई. पहिली गोष्ट, त्यांना उचलायचं नाहीच. त्यांनी उठायचं आणि तुम्ही सोबत करायची.

त्या ज्या बाजेवर झोपतात ती बहुधा मधे झोळ आलेली आणि बुटकी असेल. अशा बाजेत बसलं की खुबा गुडघ्याच्या खाली जातो, मांडी पोटाकडे दुमडते. मागच्या बाजूनं चीर देऊन बसवलेला सांधा निखळायला हीच स्थिती सोयीची. झोळावर फळी टाका, वर घट्ट गादी, आणि पायांखाली खाच असलेले लाकडी ठोकळे देऊन बाज उंच करा. विटा नकोत, सरकतात. बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर राहिला की उंची जमली. ही उंची चार बोटं वाढवली की उठणं किती सोपं होतं, ते तुम्हीच पाहाल.

मग त्यांना काठाशी सरकवून बसवा. चांगला पाय मागे, जवळजवळ बाजेखाली. ऑपरेशनचा पाय पुढे पसरलेला. दोन्ही तळहात बाजेच्या काठावर. वॉकर समोर असू दे, पण उठताना तो ओढायचा नाही; उभं राहिल्यावरच धरायचा. एक जुनं लुगडं चौघडी करून त्यांच्या कमरेभोवती घट्ट बांधा. तुम्ही ऑपरेशनच्या बाजूला उभे राहा, एक पाय पुढे, एक मागे, गुडघे थोडे वाकवून. एका हातानं मागून ते लुगडं मुठीत धरा, दुसरा तळहात त्यांच्या छातीपुढे, खांद्याच्या खाली. ‘एक, दोन, उठ आई’ म्हणताना श्वास सोडत तुमचं वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्या. जोर त्यांच्या हातांचा आणि चांगल्या पायाचा. तुमची मूठ फक्त तोल सांभाळते. काखेत हात घालून ओढायचं नाही. त्यात त्यांचा खांदा दुखावतो, त्या पुढे दुमडतात आणि तुम्ही श्वास कोंडून ताकद लावता. एवढं करूनही उठवत नसेल तर बाज आणखी उंच करा किंवा दुसरा माणूस येईपर्यंत थांबा.

सकाळ-संध्याकाळ त्यांना असं पाच-पाच वेळा उठायला लावा, बाकी कुठलाही व्यायाम याच्या बरोबरीचा नाही. वॉकरची रबरी बुचं झिजली असतील तर बदला, आणि जमीन सारवली असेल तर ती पुरती सुकेपर्यंत त्यांना चालवू नका. संडासच्या भांड्यावर कमोड खुर्ची ठेवा.

त्यांच्या पथ्यालाही तारीख विचारून घ्या. बुटक्या जागी न बसणं, पायावर पाय न टाकणं, ऑपरेशनच्या पायावर गर्रकन न वळणं, झोपताना मांड्यांमध्ये उशी, हे सहसा सहा ते बारा आठवड्यांचं असतं. चीर मागून नसून बाजूनं किंवा पुढून असेल तर नियमही वेगळे, म्हणून चीर कुठे आहे तेही विचारा. उकिडवं बसणं मात्र बहुतेक सर्जन कायमचंच सोडायला सांगतात. पाय अचानक आखूड दिसू लागला, वळला, टेकवेना, किंवा पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला, तर लगेच दाखवा. आणि उभ्या जागी पडून खुबा मोडतो तेव्हा हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं. त्याची तपासणी आणि औषध राहून गेलं असेल तर आत्ता सुरू करून घ्या.

जाता जाता आणखी एका वाचकाचा प्रश्न. खुब्याच्या ऑपरेशननंतर अकलोलीच्या, गणेशपुरीच्या गरम कुंडात उतरलं तर चालेल का? जखम पूर्ण भरून खपली पडेपर्यंत कुंडाचं पाणी अंगाला लावू नये, कारण त्यात अनेक जण उतरतात. त्यानंतर पाण्याची अडचण नाही, अडचण पायऱ्यांची आहे : ओल्या, बुळबुळीत, आणि काठावर बसायचं तर बूड घोट्यांच्या पातळीला. निदान पहिले तीन महिने उतरू नका. बरोबरच्या माणसाला बादलीभर पाणी वर आणायला सांगा आणि हातांच्या खुर्चीवर बसून तिथेच अंघोळ करा.