भट्टीत न जळणारं

जालन्यात भट्टीला भंगार लागतं. ट्रक काट्यावर चढतो, वजन होतं, ढीग पडतो. मोडके पत्रे, गंजलेले पाइप, बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं. मोठा तुकडा गॅस कटरनं कापायचा, बाकीचं हातानं निवडायचं आणि इंडक्शन भट्टीत टाकायचं. तिथं सगळ्याचं पाणी होतं. त्याचे बिलेट आणि बिलेटच्या सळया. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचे स्लॅब याच सळयांवर उभे आहेत.

लोखंडाचा मागचा जन्म भट्टी पुसून टाकते. पण ढिगात कोबाल्ट-६०चा तुकडा असेल, तर तो जन्म सळईत उतरतो.

साधा कोबाल्ट किरणोत्सारी नसतो. अणुभट्टीत त्याच्या अणूनं एक न्यूट्रॉन गिळला की कोबाल्ट-६० तयार होतो. आपल्याकडे तो राजस्थानातल्या रावतभाटा इथं बनतो. हा अणू स्थिर नसतो. त्याचा क्षय होताना तो जोरकस गॅमा किरण सोडतो आणि अखेर निकेल होऊन शांत होतो. दर ५.२७ वर्षांनी त्याची ताकद निम्मी होते. ही घट कशानंही थांबत नाही की वाढत नाही. भट्टीची आच अणूच्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही. त्यातून लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं आणि कोबाल्ट १४९५ला. म्हणजे दोघं एकत्रच वितळतात आणि एकजीव होतात. सीझियमसारख्या मूलद्रव्याचा अणू भट्टीतून धुराबरोबर, धुळीबरोबर निघून तरी जातो. कोबाल्ट पोलादातच मुक्काम करतो.

या द्रव्याचे उपकारही मोठे आहेत. लासलगावला २००२पासून याच किरणांनी कांद्याचे कोंब रोखले जातात. २००७ साली अमेरिकेला गेलेल्या हापूसनं हेच किरण अंगावर घेतले होते. ना तो कांदा किरणोत्सारी होतो, ना आंबा. ऊन लागलेला माणूस काही सूर्य होत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रानं घडवलेलं ‘भाभाट्रॉन’ हे यंत्र याच कोबाल्टनं कर्करोगाच्या गाठी जाळतं. कितीतरी रुग्ण त्यामुळे घरी परतले आहेत. गाठ जाळणारा हा किरण निरोगी पेशीलाही सोडत नाही, आणि धोका आहे तो तिथंच.

दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात २०१० साली हा धोका खरा ठरला. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागानं १९६८ साली घेतलेलं एक गॅमा यंत्र वर्षानुवर्षं पडून होतं. ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. बाजारात त्याचं शिसं सोडवताना आतला कोबाल्ट उघडा पडला. तोवर त्याची ताकद आठेक वेळा निम्मी झालेली होती, म्हणजे मूळच्या अडीचशेव्या हिश्शापेक्षा जास्त काही उरलं नव्हतं. तेवढ्यानंही भंगाराच्या कामातल्या काही जणांची कातडी जळली, केस गेले, रक्तपेशी घटल्या. त्यातला एक दगावला. हात पोळल्याचं तेव्हाच्या तेव्हा कुणाला कळलंही नव्हतं. उलट्या आणि फोड नंतर आले.

महाराष्ट्रही यातून सुटलेला नाही. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टची बटणं किरणोत्सारी निघाली. पोलादाचा माग काढत तपास आला खोपोलीच्या एका ओतकामाच्या कारखान्यापर्यंत. बटण जोडणाऱ्या फ्रेंच कामगारांनी खोपोलीचं नावही कधी ऐकलं नसेल. भंगाराचा धंदा जगाला किती जवळ बांधून आहे, हे मला या प्रकरणानं शिकवलं.

आपली एक समजूत इथं घात करते. गावोगावी ‘रेडियम’ची दुकानं असतात, गाडीच्या काचेवर चमकणारी अक्षरं कापून देतात. त्या चिकटपट्टीत रेडियम अजिबात नसतं, ती फक्त दिव्याचा उजेड परतवते. पण त्यामुळे किरणोत्सारी वस्तू चमकतेच असं मनात बसतं. कोबाल्ट-६०चा तुकडा मात्र साध्या धातूसारखा दिसतो. त्याला वास नाही, आवाज नाही.

म्हणून ओळखायचं ते त्याच्या डब्यावरून. आकाराच्या मानानं डबा भलताच जड असतो, कारण त्याच्या भिंती शिशाच्या असतात. वर पिवळ्यावर तीन पात्यांचं चिन्ह असतं, किंवा २००७ साली ठरलेलं नवं लाल त्रिकोणी चिन्ह: कवटी आणि पळणारा माणूस. असं काही दिसलं की कटर बंद करायचा, सगळ्यांना लांब न्यायचं, पोलिसांना कळवायचं. अशा वेळी धावून येणारी अणुऊर्जा नियामक मंडळाची माणसं मुंबईत अणुशक्तीनगरला बसतात.

पण चिन्ह गंजून गेलेलं असतं, डबा फुटलेला असतो. मेक्सिकोतल्या हुआरेस शहरात कर्करोगाच्या यंत्रातला कोबाल्ट भंगारात गेला आणि त्याच्या सळया झाल्या. १९८४च्या जानेवारीत त्या सळयांचा एक ट्रक रस्ता चुकून लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेच्या दाराशी गेला आणि तिथली किरणोत्सार मोजणारी यंत्रं वाजली, म्हणून जगाला कळलं. तोवर घरं उभी राहिली होती. शेकडो पाडावी लागली. तसं मोजयंत्र भंगाराच्या प्रत्येक काट्यावर हवं. ट्रकचं वजन होतं त्याच मिनिटाभरात ते आपलं काम करतं, आणि ढिगावर उघड्या हातांनी भंगार निवडणाऱ्या बाईपर्यंत ट्रक पोचायच्या आत.