सॉकेटचं तिसरं भोक



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून घरघंटी आणली. दळण सुरू झालं, चार पैसे सुटायला लागले. एक दिवस पिठाचा डबा काढताना त्यांच्या हाताला मुंग्या आल्या. त्यांनी पायाखाली गोणपाट टाकलं, पायात चप्पल घातली आणि काम चालूच ठेवलं. बैठकीत विषय निघाला, तेव्हा आम्हीही "नवं मशीन आहे, होईल नीट" म्हणून पुढे गेलो. ती आमची चूक होती. वायरमन दादांना बोलावलं, तेव्हा कळलं की मशीन चांगलं आहे, दोष भिंतीतल्या जुन्या सॉकेटमध्ये आहे.

सॉकेटला तीन भोकं असतात. खालची दोन बारीक, एक फेजचं आणि एक न्यूट्रलचं. मशीन या दोघांवर चालतं. वरचं मोठं भोक अर्थिंगचं. मशीनमधली वायर सोलली आणि पत्र्याला लागली, तर करंटला जमिनीत जायला ही वाट असते. ही वाट नसेल, तर करंट आपल्या अंगातून जमिनीत जातो.

जुन्या घरांत वरचं भोक असतं, पण कित्येकदा त्याच्या मागे वायरच नसते. आणि काही ठिकाणी त्याहून वाईट असतं. अर्थिंगची वायर ओढायचा खर्च वाचवायला सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थिंग एका तुकड्याने जोडून टाकतात. ताईंकडे हेच होतं. त्यात खांबावरून येणारी न्यूट्रल ढिली झाली होती, म्हणून मुंग्या येत होत्या. ती पूर्ण तुटली असती, तर मोटारीतून आलेला करंट त्या तुकड्यावाटे घरघंटीच्या पत्र्यावर उतरला असता.

तपासणी कशी होते? टेस्टर पेटला म्हणजे लाईट आहे, एवढंच कळतं. वायरमन दादा होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब आणतात. आधी तो फेज आणि न्यूट्रलमध्ये लावतात, मग फेज आणि अर्थिंगमध्ये. दुसऱ्या वेळी बल्ब मंद लागला किंवा लागलाच नाही, तर अर्थिंग नाही. पण लक्षात ठेवा, आत तुकडा जोडलेला असला, तरी बल्ब झकास लागतो. म्हणून मेन स्विच बंद करून सॉकेट उघडून बघायला सांगा. अर्थिंगची हिरवी वायर थेट खड्ड्यापर्यंत गेलेली हवी.

ही तपासणी आपण स्वतः करायची नाही. परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायची. खड्ड्यात मीठ-कोळसा घातलेला असतो, त्यात उन्हाळ्यात पाणी घालणं मात्र आपलं काम. सोबत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की ती क्षणात लाईट तोडते. पण न्यूट्रल-अर्थिंगचा तो तुकडा तसाच राहिला, तर तिलाही गळती कळत नाही. म्हणून आधी तुकडा काढायचा.

आमच्या गटाने आता ठरवलंय. विजेच्या मशीनसाठी कर्ज मागितलं, की आधी सॉकेट तपासायचं आणि अर्थिंगचा खर्च त्याच कर्जात धरायचा. तुमच्याही पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. कोणाच्या हाताला मुंग्या येतात, एवढं नक्की विचारा. कोणी हो म्हणाली, तर त्याच दिवशी मशीन बंद ठेवायला सांगा.