ट्रिस्टन बेटावरचे दात

दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन द कून्हा हे एक चिमुकले ब्रिटिश बेट आहे. सर्वांत जवळची मनुष्यवस्ती तिथून दोन हजार किलोमीटरहून दूर. 1930च्या दशकात तिथे गेलेल्या डॉक्टरांना बटाटे, मासे आणि समुद्रपक्ष्यांची अंडी खाणाऱ्या या लोकांच्या तोंडात किडलेली दाढ क्वचितच सापडली. दुसऱ्या महायुद्धानंतर बेटावर मासळीचा कारखाना आला, दुकान आले आणि साखर, मैदा, गोळ्याही आल्या. 1961मध्ये ज्वालामुखीचा उद्रेक झाला, म्हणून सगळ्यांना इंग्लंडमध्ये हलवण्यात आले. पुढच्या वर्षी तिथे तपासणी झाली, तेव्हा वीस वर्षांखालच्यांच्या पहिल्या कायमच्या दाढांपैकी सुमारे निम्म्या किडलेल्या होत्या. 1937मध्ये मात्र या वयाच्या मुलांच्या त्याच दाढा शाबूत होत्या. पंचवीस वर्षांत माणसांचा अनुवंश बदलत नाही. बदलले होते ते ताट.

पण म्हणून जुने ते सारे दातांना हितकारक, असे म्हणता येणार नाही. मोरोक्कोतल्या ताफोराल्त गुहेत सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या शिकाऱ्यांच्या निम्म्याहून अधिक दातांना कीड लागलेली आढळली. त्यांनी साखर पाहिलीही नव्हती. ते ओकची पिष्टमय फळे खात. आपल्याकडे साखरेऐवजी गूळ दिला की दात वाचतात असा समज आहे, तोही खरा नाही. गुळाचा मोठा भाग सुक्रोजच असतो आणि चिक्की तर दाढेच्या खाचेत चिकटून बसते. गुळातले लोह शरीराला उपयोगी असेल, पण तोंडातल्या जिवाणूंना मिळते ती साखरच.

हे जिवाणू साखरेचे आम्ल करतात. तोंडातला सामू साधारण 5.5च्या खाली गेला की दाताच्या इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट झिरपू लागतात. लाळ हळूहळू आम्ल निवळवते आणि झीज थोडी भरूनही काढते, मात्र त्यासाठी तिला उसंत हवी. दर तासाला चहा-बिस्किट किंवा रात्रभर बाळाच्या तोंडात गोड दुधाची बाटली असेल, तर ती मिळत नाही. झोपेत लाळही कमी सुटते. स्वीडनमधील विपेहोल्म संस्थेत 1940च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगांतून हेच दिसले: जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेली चिकट टॉफी फार अधिक कीड घडवते. हे ज्ञान संमतीही देऊ न शकणाऱ्या मतिमंद रुग्णांचे दात मुद्दाम किडवून मिळवले गेले. ते अमानुष होते, आणि विपेहोल्मचा निष्कर्ष सांगताना हेही सांगितलेच पाहिजे.

फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आल्यावर भरपूर साखर खाणाऱ्या युरोपीय देशांतही कीड घटली, मग आहाराची एवढी काळजी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. फ्लोराइडमुळे इनॅमल आम्लाला जास्त टिकते, यात शंका नाही. पण त्यामुळे आम्ल तयार होणे थांबत नाही, आणि सारखे गोड चघळणाऱ्या मुलाच्या दाढा पेस्ट वापरूनही किडतात.