म्हाताऱ्या कुत्र्याला हवा एक डॉक्टर

कुत्रं दहा-बारा वर्षांचं झालं की पाण्याचं भांडं वारंवार रिकामं होऊ लागतं, मध्यरात्री दाराशी येऊन ते खाली न्या म्हणून उभं राहतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "वय झालंय त्याचं." घरच्यांनी असं म्हणावं, हरकत नाही. डॉक्टरांनी मात्र एकही तपासणी न करता हेच वाक्य ऐकवलं, तर त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अचानक वाढलेल्या तहानेमागे किडनी असू शकते, मधुमेह असू शकतो, कुशिंग्ज हा हार्मोनचा विकार असू शकतो आणि ऑपरेशन न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू झालेला असू शकतो. या चारही गोष्टींचे उपचार निरनिराळे आहेत. शेवटच्या प्रकारात तर आठवडाभर वाट पाहणंही जिवावर बेततं.

आपण बहुतेकांनी डॉक्टर निवडलेला असतो तो कुत्रं पिल्लू असताना. दवाखाना घराजवळ, लस वेळेवर, नखंही कापून मिळतात. त्या वयात एवढं पुरतं. दीर्घ आजाराच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं गणित निराळं असतं. इथे रोग बरा होणार नसतो, तो सांभाळायचा असतो. त्यासाठी मोजणारा, लिहून ठेवणारा आणि महिन्याभरापूर्वी काय होतं ते आठवणारा माणूस लागतो.

किडनीचंच घ्या. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तेव्हा किडनीची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता आधीच गेलेली असते. कुत्र्यांच्या किडनीविकाराचे टप्पे ठरवणारी 'आयरिस' ही आंतरराष्ट्रीय पद्धत जगभरचे पशुवैद्य वापरतात. तिच्यानुसार क्रिएटिनिन १.४ ते २.८ असेल तर दुसरा टप्पा, ५ च्या वर गेलं की चौथा. पण नुसत्या आकड्यावर भागत नाही. स्नायू झडलेल्या सुकट म्हाताऱ्या कुत्र्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी दिसतं, त्यामुळे रिपोर्ट बरा आणि कुत्रं आजारी असं होतं. म्हणून चांगला डॉक्टर आधी वजन करतो, लघवीची घनता पाहतो, लघवीतून प्रथिनं जाताहेत का ते तपासून घेतो आणि रक्तदाब मोजतो. कुत्र्याचा रक्तदाब मोजतात हे ऐकून हसणारे लोक मला भेटले आहेत. पण तो वाढला तर कुत्र्याची दृष्टी एका दिवसात जाऊ शकते. शिवाय आपल्याकडे गोचिडांचा सुळसुळाट. गोचिडातून होणारा एर्लिकिया जुना झाला की किडनीलाही धक्का लावतो. किडनीचा रुग्ण समोर असताना जो डॉक्टर गोचिडांची चौकशीच करत नाही, त्याच्याबद्दल मला शंका येते.

हृदयाची कथा वेगळी. स्पिट्झ (ज्याला आपण सरसकट पॉमेरेनियन म्हणतो), डॅक्सहुंड अशा लहान जातींत उतारवयात हृदयाची डावी झडप जाड होऊन गळू लागते. स्टेथोस्कोपला फुसफुस ऐकू येते, पण तेवढ्यावरून औषध सुरू करायचं नसतं. हृदय मोठं झालंय का, हे एक्स-रे किंवा इकोवर आधी ठरवावं लागतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'एपिक' या मोठ्या अभ्यासात दिसलं, की हृदय मोठं झालेल्या पण अजून धाप न लागणाऱ्या कुत्र्यांना पिमोबेंडॅन दिलं, तर हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी पंधरा महिने पुढे ढकलली जाते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे फार मोठा काळ.

खरी अडचण हे दोन आजार एकत्र आले की सुरू होते. आमच्या ओळखीच्या एका घरातल्या चौदा वर्षांच्या स्पिट्झचं असंच झालं. हृदयाच्या डॉक्टरांनी फुप्फुसात पाणी साचू नये म्हणून लघवी वाढवणारी गोळी दिली. पंधरवड्याने भूक मंदावली, तर दुसऱ्या दवाखान्यात क्रिएटिनिन पाहून सलाइन चढवलं. एकाने पाणी काढायचं, दुसऱ्याने भरायचं! दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. चुकलं ते एवढंच, की दोन्ही कागद एका टेबलावर ठेवून पाहणारं कुणी नव्हतं. शेवटी घराजवळच्याच, फारशी चकाचक पाटी नसलेल्या डॉक्टरांनी ते काम हाती घेतलं. गोळीचा डोस किमान किती चालेल, ते त्यांनी रक्त तपासत ठरवलं आणि घरच्यांना एक वही घालायला सांगितली: झोपेत असताना अर्धा मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजून दुप्पट करायची. आकडा तीसच्या वर गेला आणि तिथेच राहिला तर फोन करायचा.

माझ्या मते शोध घ्यायचा तो अशा माणसाचा. तज्ज्ञ हवेतच, पण अधूनमधून. मुंबईकरांना परळला १८८६ पासून चालत आलेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी त्याहून जुन्या परंपरेचं बाई साकरबाई रुग्णालय आहे आणि २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही आहे. तिथे सोनोग्राफी, इको करून यावं. पण सूत्र एकाच्या हातात असावं, आणि त्याला हवा तेव्हा तज्ज्ञाला फोन करण्यात कमीपणा वाटू नये.

पदव्यांबद्दल थोडंसं. आपल्याकडची पशुवैद्यकीची पदवी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची. अभ्यासात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांना मोठी जागा, कुत्रा त्यांच्यातला एक. मेडिसिन किंवा सर्जरीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर वेगळे. पाटीवर 'स्पेशालिस्ट' असेल तर कुठे शिकलात, असं सरळ विचारावं. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. १९८४ च्या कायद्याप्रमाणे राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही, तेव्हा प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक पाहावा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दिवस गाईम्हशींत जातो, पण त्यांना कमी लेखू नका. रक्त काढून शहरातल्या लॅबला पाठवणं आणि रिपोर्टवर तज्ज्ञाशी बोलणं त्यांना जमलं, की अर्धी लढाई तिथेच जिंकता येते.

पहिल्या भेटीत डॉक्टर काय बोलतात, यापेक्षा काय करतात ते पाहावं. गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात. बघणारा डॉक्टर खाली चटई टाकतो किंवा स्वतःच जमिनीवर बसतो. हिरडी दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहतो, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतो, मांडीचा स्नायू हाताने चाचपतो. जुनी फाइल उघडतो. 'आधीच्या डॉक्टरांनी काहीच केलं नाही' असं म्हणत नाही. लंगडतंय म्हणून वेदनाशामक लिहिण्याआधी किडनीचा रिपोर्ट मागतो, कारण कुत्र्यांसाठीची वेदनाशामकंसुद्धा आजारी किडनीला भारी पडतात. आणि आपल्या घरातली आयब्युप्रोफेन तर कुत्र्यासाठी विषच.

खर्चाचं बोलायला दोन्ही बाजू संकोचतात. संकोचू नये. किडनीचा आहार, दरमहा रक्त, औषधं हे सगळं वर्षभर चालणार असतं. 'आमचं महिन्याचं बजेट एवढं आहे, त्यात सगळ्यात आधी काय करू?' या प्रश्नावर जो डॉक्टर क्रम लावून देतो, तो कामाचा. काहीजण कातडीखाली सलाइन द्यायला घरच्यांनाच शिकवतात. बाटली कोमट पाण्यात ठेवून खिडकीच्या गजाला टांगायची, मानेमागची कातडी तंबूसारखी उचलून सुई घालायची. पाण्याचा एक गोळा तयार होतो आणि हळूहळू खांद्याकडे ओघळतो. पहिल्यांदा सगळे घाबरतात, मग जमतं. रोजची रिक्षा वाचते आणि कुत्र्याला दवाखान्याची भीतीही सोसावी लागत नाही. मात्र हृदय अधू असेल तर हा उद्योग डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नये.

एक विषय टाळता येत नाही, आणि तो कुत्रं बऱ्यापैकी खातंपितं असतानाच काढावा. कोणत्या दिवशी आता पुरे म्हणायचं? खाणं, उठून उभं राहणं, आपल्या माणसाला ओळखून शेपूट हलवणं, यांतलं काय गेलं की? घरी येऊन इंजेक्शन देता का, आधी गुंगीचं देऊन मगच शेवटचं देता का, रविवारी रात्री फोन उचलता का? काही डॉक्टरांच्या मनाला हे काम पटत नाही आणि ते तसं सांगतात. त्यांचा आदर करून दुसरा नंबर आत्ताच लिहून घ्यावा. नाहीतर नेमक्या त्या रात्री अनोळखी दवाखान्यांना एकामागून एक फोन लावत बसण्याची वेळ येते.